झाकणातला दिवा

मी बत्तीस वर्षं विजेचं काम केलं आणि बत्तीसही वर्षं विजेला भ्यालो. हे सांगायला मला लाज वाटत नाही. बोईसर-तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत ज्या कारखान्यात मी नोकरीला होतो, तिथे यावरून माझी भरपूर टिंगल व्हायची. स्विच बंद करायचो, फ्यूज काढून खिशात घालायचो, टेस्टर लावून पाहायचो, आणि तरीही तारेला हात लावायच्या आधी क्षणभर थांबायचो. "आले, हातमोजेवाले आले," म्हणून बाकीचे हसायचे. हसोत बापडे. माझ्याबरोबर कामाला लागलेल्या दोघांच्या हातांवर भाजल्याच्या खुणा आहेत, माझ्या हातावर एकही नाही. भीतीनेच मला निवृत्तीपर्यंत धडधाकट आणलं असं मी मानत आलो. ती भीती मी एकदाच विसरलो, तेही बोराएवढ्या एका बल्बच्या नादात. 

निवृत्तीनंतर पालघरच्या घरी मागच्या गॅलरीत मी एक टेबल मांडलं आणि जुने ग्रामोफोन दुरुस्त करायला लागलो. चावी देऊन चालणारे असतात ते गरीब. त्यांची स्प्रिंग सुटली तर बोटावर फटका बसतो, फार तर नख काळं पडतं. विजेवर चालणाऱ्यांची गोष्ट वेगळी. ते वर्षानुवर्षं कुणाच्या तरी माळ्यावर पडलेले असतात, आतल्या वायरींवरचं रबर बिस्किटासारखं झडत असतं, आणि मालक मात्र छातीठोकपणे सांगतो, "काका, परवापर्यंत चालू होता." असं यंत्र घरात आलं की आमची ही पाण्याची बादलीसुद्धा गॅलरीपासून लांब ठेवते. मला घाबरट म्हणते आणि स्वतः मात्र उंबरठा ओलांडून आत येत नाही.

गणपती बुडवल्यावरच्या आठवड्यात घिवलीहून पन्नाशीचे एक गृहस्थ टेम्पो घेऊन आले. टेम्पोत त्यांची आई होती आणि असाच एक विजेवरचा ग्रामोफोन होता. दोघांपैकी ग्रामोफोन जास्त जपून उतरवला गेला, कारण हुकूम आई सोडत होती. कमरेएवढी सागवानी पेटी, वर जड झाकण. झाकण उचललं की आत तबकडीच्या मागे एक पितळी कमान होती आणि त्या कमानीवर एक लहानसा दिवा. सुई नेमकी कुठे टेकवायची ते दिसावं म्हणून तो दिवा झाकण उघडताच आपोआप लागायचा. ग्रामोफोन वाजत होता, दिवा तेवढा गेला होता.

"दुसरं काय नको मला," त्या काकी म्हणाल्या. "वाजतो तसा वाजू दे. दिवा पयल्यासारखा लागला पायजे. तो पांढरा उजेड नको, दवाखान्यात बसल्यासारखं वाटतं."

यंत्र त्यांच्या यजमानांनी आणलेलं. वाडीतला पाण्याचा पंप आणि हा ग्रामोफोन, या दोघांची दसऱ्याला पूजा करायची हा त्यांचा शिरस्ता. यजमान दोन वर्षांपूर्वी गेले. त्यानंतर पूजा काकींनी चालवली, पण गेल्या वर्षी ऐन दसऱ्याला झाकण उघडलं तर दिवा लागेना. "वर्सभर माझ्या मनात तेच रायलं," त्या म्हणाल्या. "काय तरी चुकलं आमचं." मग त्यांनी मला पूजा सांगितली. सकाळी आंघोळ करायची, झाकण उघडून दिवा लावायचा, कमानीला हळदकुंकू लावायचं, फुलाने पाणी शिंपडायचं, झेंडूची माळ घालायची, पितळेवर हात ठेवून नमस्कार करायचा आणि मग एक तबकडी लावायची. हे सगळं दहाच्या आत. मी मान डोलावत ऐकलं. यंत्रांना हळदकुंकू वाहणारी माणसं आपल्याकडे घरोघरी आहेत, त्यात मला काही वावगं वाटलं नाही.

आता हे यंत्र आतून कसं होतं ते थोडं सांगायला हवं, नाहीतर माझी भीती कळायची नाही. या जातीच्या जुन्या ग्रामोफोनांत ट्रान्सफॉर्मर नसतो. घरातली वीज थेट आतल्या लोखंडी सांगाड्यावर येते. दोन पिनांचा प्लग एका बाजूने खोचला तर तो सांगाडा थंड राहतो, उलट्या बाजूने खोचला तर जिवंत होतो. बाहेरून बघून काही कळत नाही, गाणं दोन्ही वेळा सारखंच वाजतं. म्हणून बनवणाऱ्यांनी माणसाचा हात जिथे जिथे लागेल तिथे तिथे आड काही ना काही घातलेलं असतं. दिव्याची बैठक आणि पितळी कमान यांच्यामध्येही त्यांनी लाल फायबरचा एक जाड वॉशर बसवला होता. बैठकीत वीज, कमानीवर माणसाचा हात, आणि दोघांमध्ये तो वॉशर.

गेलेला बल्ब मी भिंगाखाली धरला. गोल काच, पितळी आटे, आट्यांवर पुसट आकडे. सहा पूर्णांक तीन व्होल्ट, पॉइंट तीन अँपिअर. आणि तो एकटा नव्हता. आतल्या काचेच्या वाल्व्हांच्या साखळीतल्या एका कडीला तो समांतर जोडलेला होता, म्हणून तो गेला तरी गाणं वाजत राहिलं होतं. कमीजास्त ताकदीचा बल्ब घातला की एक तर तो जाणार किंवा नुसता मिणमिणणार. आणि एलईडी तिथे टिकणारच नाही.

पालघरच्या बाजारात मी पाच दुकानं फिरलो. तारेच्या बल्बचं नाव काढलं की दुकानदार माझ्याकडे मी कंदिलाची काच मागितल्यासारखं बघायचे. "काका, एलईडीमध्ये पिवळा पण येतो," एकाने सांगितलं आणि मी हो-नाही म्हणायच्या आत डबा फोडून चारशे चौरस फुटांचं दुकान उजळून दाखवलं. दुसऱ्याने मला चक्क मोबाइलवर फोटो दाखवला, परदेशातून येतो म्हणाला, पण तो म्हणे नुसता शोभेचा. पितृपक्ष चालू होता, गिऱ्हाईक नव्हतं, त्यामुळे सगळ्यांना माझ्याशी गप्पा मारायला वेळ होता आणि बल्ब कुणाकडेच नव्हता.

वाणगावला एका जुन्या सायकलच्या दुकानात डायनॅमोचे बल्ब मिळाले. मोठ्या आशेने आणले. लावला तर आतली तार नुसती लालसर झाली, चुलीतला विझता निखारा असतो तशी. मग बॅटरीचा एक लावून पाहिला. तो डोळ्यांसमोर निळसर चमकला आणि टप्प करून गेला. मी टेबलापासून हातभर मागे उडालो. आतून हिचा आवाज आला, "आहात ना?" "आहे," मी म्हणालो. आमचा संसार असा चालतो.

शेवटी बोईसरला एका भंगारवाल्याकडे गेलो. एका बंद पडलेल्या कारखान्याचे कंट्रोल पॅनेल त्याच्याकडे पत्र्याच्या ढिगात उभे होते. असल्या पॅनेलवर लाल-हिरव्या काचांमागे बारके बल्ब असतात. नोकरीत असताना मी त्यांचे शेकडो बदलले होते आणि जुने सरळ कचऱ्यात फेकले होते. मी उकिडवा बसून एकेक काच फिरवून काढायला लागलो.

"चाचा, ये सब तो पीतल के भाव जाता है," भंगारवाला म्हणाला. "इसमें क्या ढूँढ रहे हो?"

"लाइट," मी म्हणालो. त्याने डोक्यावरच्या ट्यूबकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि बसायला एक डबा सरकवून दिला.

अकरा बल्ब निघाले, त्यातले सहा लागले. तेच आटे, तेच व्होल्ट, तेच अँपिअर. काच तेवढी गोल नव्हती, उभट होती. त्या संध्याकाळी बोईसरहून परतताना मी स्कूटरवर गाणं म्हणत होतो. वयाला शोभत नाही, पण म्हणत होतो.

दसऱ्याला दोन दिवस होते. सकाळी मी अख्ख्या यंत्राची तपासणी केली. माझी पद्धत ठरलेली आहे. प्लग एका बाजूने खोचायचा, बाहेरच्या प्रत्येक धातूला टेस्टर लावायचा. मग प्लग उलटा खोचायचा आणि पुन्हा सगळं पहिल्यापासून. सगळं ठीक होतं. मग बल्ब बसवला आणि झाकण मिटायला गेलो तर मिटेना. उभट काच झाकणाला आतून टेकत होती, जेमतेम दोन-तीन मिलिमीटर.

तेव्हा मी तो लाल वॉशर काढला. बैठक हवी त्याहून जास्तच खाली बसली आणि झाकण अलगद मिटलं. माझ्या मनात अगदी स्वच्छ होतं की वॉशर घासून पातळ करायचा आणि परत बसवायचा. आधी झाकण मिटतंय का ते बघू, मग ते करू. झाकण मिटलं, म्हणून उघडून पाहिलं. उघडलं, तर दिवा लागला.

तो उजेड काय सांगू. तुपाच्या निरांजनाचा असतो तसा. तबकडीच्या रेघा न् रेघा त्यात दिसत होत्या. मी एक तबकडी लावली. ती संपल्यावर उलटी करून लावली. ही उंबरठ्याबाहेर येऊन उभी राहिली आणि पहिल्यांदाच म्हणाली, "छान दिसतंय हो." मी सुखावलो. मग फोन वाजला. घिवलीचे ते गृहस्थ पालघरला कचेरीच्या कामाला आले होते, टेम्पो रिकामा होता, आत्ताच नेतो म्हणाले. अर्ध्या तासात ग्रामोफोन गोधडीत गुंडाळून गेलाही. तपासणी सकाळी झालीच होती, म्हणून मी ती पुन्हा केली नाही.

दसऱ्याच्या सकाळी मी माझ्या हत्यारांची पूजा मांडत होतो. पाटावर पक्कड, स्क्रूड्रायव्हर, टेस्टर, मीटर, डाग द्यायची कावी, सगळं पुसून ओळीने लावलं. हळदकुंकवाला वाटी हवी म्हणून टेबलावरची स्क्रूंची स्टीलची वाटी घेतली आणि कागदावर पालथी केली. स्क्रू सांडले, आणि त्यांच्यातून पावलीएवढा लाल वॉशर घरंगळत येऊन माझ्या गुडघ्याला लागला.

पहिल्यांदा मला तो ओळखूच आला नाही. मग ओळखू आला.  काकी आंघोळ करून, अनवाणी, ओल्या हातांनी पितळी कमानीला पाणी शिंपडणार होत्या आणि तिच्यावर तळवा ठेवणार होत्या. दिवा लावून. आणि आता दिव्याची बैठक सरळ त्या कमानीवर बसलेली होती, मध्ये काहीच नव्हतं. प्लग नशिबाने सुलटा असला तर ठीक. उलटा असला तर त्या जागेवरून उठणार नव्हत्या.

घड्याळात साडेआठ झाले होते. मी त्यांच्या मुलाला फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. दसऱ्याची सकाळ, तो नोकरीला असेल त्या कारखान्यातल्या पूजेला असणार, ढोलताशात खिशातला फोन कुणाला ऐकू येतो? मी लिहून पाठवलं, "ग्रामोफोनला हात लावू नका, प्लग काढा." संदेश गेला, पण वाचल्याची खूण काही येईना. उलट माझ्याच फोनवर सोनं घ्या सोन्यासारखे राहा अशी चित्रं एकामागून एक येऊन पडत होती. काकींकडे फोन नव्हता. सुनेचा नंबर मी कधी घेतलाच नव्हता.

हिला सगळं सांगितलं. वाटलं होतं, आता ऐकवेल. पण तिने फक्त हेल्मेट हातात दिलं. "मी फोन लावत राहते, तुम्ही निघा," म्हणाली. मी वॉशर, टेस्टर आणि दोन हत्यारं खिशात कोंबली आणि पूजा तशीच टाकून निघालो.

पालघर ते घिवली मी आयुष्यात इतक्या वेळा गेलो असेन, पण तो रस्ता त्या दिवशी संपेचना. उमरोळीजवळ झेंडूवाल्यांनी अर्धा रस्ता अडवला होता. रिक्षांना माळा, ट्रकना माळा, जेसीबीच्या दातांना माळा. एका गॅरेजच्या दारात एक बाई वेल्डिंगच्या मशीनला फुलाने पाणी शिंपडत होती आणि मला भर रस्त्यात ओरडावंसं वाटलं. इतक्या वर्षांत मी ही पूजा कितीदा पाहिली असेन, स्वतः केली असेन. त्या दिवशी मला सगळीकडे फक्त ओले हात आणि लोखंड दिसत होतं.

मनात एकच हिशोब चालू होता. प्लग सुलटा की उलटा? मुलाने लावला असेल की सुनेने? वायरीवर मी खूण का केली नाही? आणि खरं सांगायचं तर मधूनमधून मी काकींचा नव्हे, माझाच विचार करत होतो. लोक काय म्हणतील, पोलीस येतील का, आयुष्यभर जपलेली माझी अब्रू. तो विचार आला की स्वतःचीच किळस वाटायची आणि दोन वळणांनंतर तो परत यायचा.

बोईसरमध्ये कारखान्यांच्या फाटकांवर लाउडस्पीकर लागले होते. पास्थळला थांबून मी घरी फोन केला. "उचलत नाहीत," ही म्हणाली. तिचा आवाज रडवेला होता. साडेनऊ वाजले होते. पुढे गेल्यावर झाडांवरून अणुवीज केंद्राच्या इमारती दिसायला लागल्या. एवढी वीज जिथे तयार होते ते ठिकाण समोर, आणि मी मात्र घिवलीतली वीज जावी म्हणून देवाला विनवत होतो. एरवी पाहिजे असते तेव्हा हटकून जाते. त्या दिवशी रस्त्याकडेच्या प्रत्येक दुकानात पंखा फिरत होता.

घर वाडीच्या तोंडाशीच होतं. मी स्कूटर उभी केली नाही, सोडून दिली. ती मागे आडवी झाल्याचा आवाज मी ऐकला. अंगण सारवलेलं, दारावर तोरण. पायऱ्या चढलो आणि दारातूनच दिसलं. पुढच्या खोलीत झाकण उघडं होतं, तो पिवळा उजेड लागलेला होता आणि त्याच्यासमोर काकी उभ्या होत्या. ओल्या केसांचा अंबाडा, पाय अनवाणी, फरशी नुकतीच पुसलेली. एका हातात ताम्हन, दुसऱ्या हातात झेंडूचं फूल, फूल पाण्यात बुडवलेलं.

"काकी, हात लावू नका!"

मी इतक्या मोठ्याने ओरडलो की आतून सून हातात झारा घेऊन धावत आली. काकींच्या हातातलं फूल पडलं. मी त्यांच्या बाजूने भिंतीकडे धावलो, बटण बंद केलं, प्लग उपटला आणि तो हातात घट्ट धरून तिथेच फरशीवर बसलो. दिवा विझला होता. 

"काय झालं मिस्तरी? पानी आन गं," काकी सुनेला म्हणाल्या. त्यांना वाटलं मला चक्कर आली.

पाणी प्यायल्यावर मी त्यांना दोघींना लांब उभं केलं. प्लग होता तसाच, त्याच बाजूने पुन्हा खोचला आणि टेस्टरचं टोक पितळी कमानीला टेकवलं. टेस्टरच्या पोटातला लाल ठिपका लख्ख पेटला. प्लग उलटाच होता. मी तो पुन्हा काढला. मग सुनेला सगळं सांगितलं. काय राहिलं, कुणाकडून राहिलं आणि काय झालं असतं. तिचा चेहरा पांढराफटक पडला. "आत तेल तापतंय," एवढंच म्हणून ती आत गेली.

काकी मात्र घाबरल्यासारख्या दिसेनात. त्यांनी खाली पडलेलं फूल उचललं, ताम्हनात ठेवलं आणि माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाल्या, "काल मी पुसला याला. फडकं मारलं तवा हाताला मुंग्या आल्या."

मी चटकन त्यांच्या पायांकडे बघितलं. "काल? पायात काय होतं तुमच्या?"

"रबरी सपाता. रोजच्याच."

त्या सपातांनी त्यांना वाचवलं होतं. "मग?" मी विचारलं. "मग बाजूला झालात ना?"

त्यांनी आतल्या दाराकडे एकदा बघून घेतलं. "नाय. परत हात ठेवला. दोन-तीन वेला ठेवला." मग थांबून म्हणाल्या, "मला वाटलं, यांनीच हात धरला. बोलायचं नाय, नुसता हात धरायचा, अशी सवय होती त्यांना. आज पूजा झाल्यावर परत ठेवणार होते."

मी आयुष्यात बरीच भीती पाहिली आहे, पण त्या वाक्याने मला जी भीती वाटली ती तोवर वाटली नव्हती. अख्खा रस्ता मी ज्या हाताच्या धास्तीने आलो होतो, तो हात नुसता नमस्कारापुरता टेकणार नव्हता. मुंग्या आल्या तरी त्या आपणहून तो ठेवणार होत्या आणि काढणार नव्हत्या. आणि ते त्यांच्या मनात माझ्या हातून भरलं गेलं होतं.

"काकी," मी म्हणालो, "ती वीज होती. माझी चूक होती. दुसरं काही नव्हतं." सांगताना मला गुन्हेगारासारखं वाटत होतं, पण न सांगून चालणार नव्हतं. त्यांनी माझ्याकडे बघितलं, पदर सारखा केला आणि "करा मंग तुमचं काम," म्हणाल्या.

विहिरीच्या काठच्या दगडावर बसून मी तो लाल वॉशर घासला. निम्मा होईपर्यंत घासला, अधूनमधून पाण्यात बुडवून बोटांनी जाडी बघत होतो. मग पुसून, उन्हात नीट वाळवून आत नेला, बैठकीखाली बसवला, बल्ब फिरवून लावला. झाकण मिटलं. प्लग एका बाजूने खोचून टेस्टर लावला, उलटा खोचून लावला. पुन्हा केलं. तिसऱ्यांदा केलं. टेस्टर एकदाही पेटला नाही. तेवढ्यात मुलगाही घाईघाईने आला, त्याने आत्ताच फोन बघितला होता. त्यालाही मी सगळं सांगितलं. तो आईशेजारी जाऊन उभा राहिला. दहा कधीच वाजून गेले होते.

"झालं?" काकींनी विचारलं. "आता काय नाय ना?"

"काही नाही."

"मंग तुमी पयला हात लावा."

त्यात राग नव्हता, टोमणा नव्हता. मिस्तरीने दुरुस्त केलं, मिस्तरीने दाखवावं, इतकं सरळ होतं ते. मी चपला काढल्या. फरशी पायाला गार आणि ओली लागली. मुलाने प्लग खोचला, दिवा लागला. मी टेस्टर तीनदा लावलेला होता, मला पक्कं माहीत होतं, आणि तरी माझा हात काही पुढे होईना. तिघं माझ्याकडे बघत होती. मी डोळे मिटून पितळेवर तळवा ठेवला. पितळ नुसतं गार होतं. मुलाला प्लग उलटा करायला सांगितला आणि पुन्हा ठेवला. तेव्हा कुठे माझ्या जिवात जीव आला.

काकींनी पूजा केली. हळद, कुंकू, फुलाने पाणी, झेंडूची माळ. मी भिंतीपाशी प्लगची वायर हातात धरून उभा होतो, ओढायच्या तयारीत. शेवटी त्यांनी कमानीवर हात ठेवला. नमस्काराला ठेवतात तसा नाही, बोटं पसरून, दाबून ठेवला. डोळे मिटले.  त्यांनी हात जरासा सरकवला, पुन्हा दाबला आणि वाट बघत राहिल्या.

"काय नाय लागत," त्या म्हणाल्या.

"आता नाही लागणार, काकी."

त्यांनी डोळे उघडले. हात काढून घेतला, पदराला पुसला आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "काल बरं होतं, मिस्तरी."